औद्योगिक क्षेत्राला लागून असलेली जमीन आणि अहवालातला २.६

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. औद्योगिक विकास क्षेत्राच्या कुंपणाला लागून तुम्ही दीड एकर काळी जमीन घेतली आहे. एका बाजूने कारखान्यांकडून येणारा नाला वाहतो आणि मोठ्या पावसात तो बांध ओलांडून शेतात शिरतो. नाल्याकडेची माती तुम्ही तपासून घेतली. अहवालात क्रोमियम १६८, निकेल ९२, तांबं १३०, जस्त २१०, शिसं ६४ आणि कॅडमियम २.६ आलं, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलो. सामू (pH) ७.९. एका तक्त्यात क्रोमियमची मर्यादा ६४ दिसल्यापासून तुम्हाला झोप नाही. विकणारे म्हणतात की इथं वर्षानुवर्षं हिरवंगार पीक येतंय. कुणी सूर्यफूल लावून माती साफ करायला सांगतंय. तुम्हाला घरापुरता भाजीपाला करायचा आहे आणि दोन लहान मुलं शेतावर येणार आहेत.

‘ही माती विषारी आहे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. कुठला धातू, कुठून आलेला, कुठल्या रूपात, आणि तो तुमच्या शरीरापर्यंत कुठल्या वाटेने पोचणार, हे चार प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. तुमच्या अहवालावर ते लावले तर माझं मत असं बनतं: ज्या क्रोमियमने तुमची झोप उडवली ते बहुधा खडकातून आलेलं आहे, आणि ज्या २.६ कडे तुमचं लक्षही गेलं नाही ते कॅडमियम खरं काळजीचं आहे. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण नाल्याकडेच्या एका पिशवीवरून दीड एकराबद्दल कुणीही ठाम बोलू नये.

आधी क्रोमियम. तुम्ही पाहिलेला ६४ हा आकडा कॅनडाच्या शेतजमिनीसाठीच्या मार्गदर्शक तक्त्यातला आहे. तो तिकडच्या मातीचा विचार करून ठरवलेला आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत क्रोमियम शंभर-दीडशेच्या घरात असणं, निकेल त्याच्या निम्म्याच्या आसपास असणं आणि तांबं शंभरच्या वर असणं यात काही विशेष नाही. कारखान्याचा वाराही न लागलेल्या जमिनीतसुद्धा हेच आकडे येतात. हे क्रोमियम खनिजांच्या स्फटिकांत अडकलेलं असतं, त्रिसंयुजी (क्रोमियम-३) रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही आणि मुळं ते जवळजवळ घेत नाहीत. तुमच्या अहवालात क्रोमियम, निकेल आणि तांबं तिन्ही एकत्र आणि साधारण खडकाच्याच प्रमाणात वाढलेली दिसतात, म्हणून माझा संशय खडकावर आहे.

पण इथं एक मोठा अपवाद आहे. क्रोमियमचं षट्संयुजी रूप (क्रोमियम-६) ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. क्रोम प्लेटिंग, क्रोमेट रसायनं, रंगद्रव्यं यांच्या कचऱ्यातून ते येतं. ते पाण्यात सहज विरघळतं, भूजलात दूरवर जातं आणि कर्करोगकारक आहे. तमिळनाडूतल्या रानीपेटमध्ये बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडलेल्या कचऱ्याने आणि उत्तर प्रदेशात कानपूरच्या परिसरातल्या अशाच ढिगांनी भूजल कसं दूषित केलं, ते सर्वांसमोर आहे. तुमच्या अहवालातला १६८ हा एकूण क्रोमियमचा आकडा आहे, त्यातून हा फरक कळत नाही. वरच्या बाजूला प्लेटिंगचे कारखाने असतील, किंवा उन्हाळ्यात नाल्याच्या काठावर पिवळसर क्षार फुललेले दिसत असतील, तर षट्संयुजी क्रोमियमची स्वतंत्र तपासणी करायलाच हवी. त्यासाठीचा नमुना वाळवायचा नसतो. ओलाच, बर्फात ठेवून, लगेच प्रयोगशाळेत पोचवायचा असतो, कारण वाळताना आणि साठवताना क्रोमियमचं रूप बदलू शकतं.

आता २.६. इतर आकड्यांसमोर हा किरकोळ वाटतो, पण खडकात कॅडमियम साधारण ०.१ ते ०.२ एवढंच असतं. म्हणजे तुमच्या नमुन्यात ते दहापटींहून जास्त आहे. आणखी एक खूण बघा. निसर्गात जस्त आणि कॅडमियम जोडीने असतात आणि जस्त कॅडमियमच्या कित्येक शे पट असतं. तुमच्याकडे २१० भागिले २.६, म्हणजे सुमारे ८० पट आहे. खडकाचा हिशेब असा येत नाही. प्लेटिंग, निकेल-कॅडमियम बॅटऱ्या, पिवळी-लाल रंगद्रव्यं, जुन्या पद्धतीचे पीव्हीसी स्थिरक, जस्ताचं गाळकाम यांपैकी काहीतरी वरच्या बाजूला आहे किंवा होतं.

यावर कुणीतरी म्हणेल की कॅडमियम तर स्फुरदयुक्त खतांतूनही येतं. येतं, पण किती ते मोजून बघू. युरोपीय संघाने स्फुरदयुक्त खतांसाठी घातलेली मर्यादा आहे स्फुरदाच्या (पेंटॉक्साइड रूपात मोजलेल्या) दर किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम. इतकं खराब खत धरलं आणि हेक्टरी ६० किलो स्फुरद दरवर्षी दिलं, तरी वर्षाला ३.६ ग्रॅम कॅडमियम पडतं. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २० लाख किलो. म्हणजे वर्षाला ०.००२ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षाही कमी भर. तीस वर्षांत ती ०.०५ च्या आसपास जाईल. २.६ चा हिशेब खतावर ढकलता येत नाही.

तक्त्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. कॅनडाच्या तक्त्यात कॅडमियमची मर्यादा १.४ आहे, तिथे तुमची माती नापास. युरोपच्या १९८६ च्या सांडपाणी-गाळविषयक निर्देशात १ ते ३ असा पट्टा आहे, तिथे ती आत बसते. आपल्याकडच्या अनेक शोधनिबंधांत ३ ते ६ हा पट्टा वापरलेला दिसतो, तिथे तर ती आरामात पास होते. माती एकच, उत्तरं तीन. म्हणून तक्ता फक्त पुढे चौकशी करायची की नाही हे ठरवण्यापुरता वापरावा.

विकणाऱ्यांचा हिरवंगार पिकाचा दाखला माझ्या दृष्टीने सर्वांत घातक आहे, कारण तो खरा असूनही फसवतो. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी १९८० मध्ये माती आणि वनस्पती यांच्यातल्या अडसराची कल्पना मांडली. शिसं, त्रिसंयुजी क्रोमियम यांसारखे धातू मातीत किंवा मुळांतच अडकतात, पानाफळांत फारसे चढत नाहीत. तांबं, जस्त, निकेल वर चढतात, पण माणसाला अपाय होण्याइतके साठण्याच्या आधी पीकच पिवळं पडतं, खुरटतं, म्हणजे झाड स्वतःच इशारा देतं. कॅडमियम या दोन्ही अडसरांतून निसटतं. माणसाच्या मूत्रपिंडाला त्रास व्हावा इतकं कॅडमियम पानांत असतानाही झाड तजेलदार दिसू शकतं. शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या लोकांना खाणीतल्या कॅडमियममुळे जो हाडांचा आजार झाला, त्याला १९६८ मध्ये सरकारने प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली. तिथली शेतं सुधारायला तीन दशकांहून अधिक काळ माती बदलण्याचं काम चाललं. तुमच्या जमिनीची तुलना मी त्या जागेशी करत नाही. ‘पीक तर चांगलं येतंय’ हा कॅडमियमबाबत पुरावा का होऊ शकत नाही, एवढंच मला दाखवायचंय.

तुमच्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे सामू ७.९. अल्कधर्मी, चिकण आणि चुनखडीच्या जमिनीत कॅडमियम बरंचसं धरून ठेवलं जातं. हेच २.६ आम्लधर्मी, रेताड मातीत असतं तर मी भाजीचं नावही काढू दिलं नसतं. पण नाल्याचं पाणी खारट असेल तर ही बाजू लंगडी पडते. पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला धरतो आणि विरघळत्या रूपात मुळांपर्यंत आणतो, सामू जास्त असला तरीही. औद्योगिक नाल्यांत क्लोराइड बहुधा भरपूर असतो. माती तपासताना लोक क्षारता विचारत नाहीत. तुम्ही विचारा.

शिसं ६४ ही जास्तीची पातळी आहे, पण घाबरण्याची नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये वस्तीच्या मातीसाठी शिशाची चौकशी-पातळी ४०० वरून २०० वर आणली, तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात. शिसं भाजीच्या देठातून येत नाही, पानांना चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून येतं. मुलांच्या बाबतीत ते हातावरून तोंडात जातं. त्यामुळे उपायही तिथेच आहेत: मुलं खेळतात तिथे गवत किंवा स्वच्छ मुरुमाचा थर, शेतातून आल्यावर हात धुणं, भाजी वाहत्या पाण्यात नीट धुणं, कंद सोलून घेणं. मात्र नाल्याकडेला ६४ आणि शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे कधी भंगार किंवा बॅटऱ्या जाळल्या गेल्या असतील तिथे, ६०० असं मी पाहिलेलं आहे. म्हणून नमुने परत घ्यायचे.

नमुन्याचं काम मी सांगतो तसंच करा, कारण बहुतेक अहवाल इथेच बिघडतात. जमिनीचे तुकडे पाडा: नाल्यालगतचा पुराचं पाणी शिरतं तो पट्टा, मधला भाग, कुंपणालगतचा भाग, आणि कुठे भराव किंवा वेगळ्या रंगाची माती दिसत असेल तर ती जागा स्वतंत्र. प्रत्येक तुकड्यातून पंधरा-वीस ठिकाणची वरच्या १५ सेंटिमीटरची माती एकत्र करून एक नमुना. शिवाय दोन ठिकाणी खोल जाऊन ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटरचे नमुने. धातू वरून आला असेल तर तो वरच्या थरात जास्त आणि खाली कमी दिसतो, खडकातला असेल तर वर-खाली सारखाच. काळ्या जमिनीत यालाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांतून खाली जाते आणि पावसात फुगून सगळं घुसळलं जातं. म्हणून खोलीच्या जोडीला तुलनेचा नमुनाही हवा: नाल्याच्या आणि वाऱ्याच्या प्रवाहापासून दूर, तशाच काळ्या जमिनीतला, आणि शक्यतो रस्त्यापासूनही लांबचा. कुठल्याही परदेशी तक्त्यापेक्षा हा नमुना तुम्हाला जास्त सांगेल. सगळ्या नमुन्यांत लोहही मोजून घ्या. क्रोमियम भागिले लोह हे गुणोत्तर तुमच्या जमिनीत आणि तुलनेच्या जमिनीत सारखं आलं, तर क्रोमियमची भीती मनातून काढून टाका.

गॅल्वनाइज्ड बादली, घमेलं वापरू नका, जस्त त्यातूनच उतरतं. प्लॅस्टिकचा टब आणि स्टेनलेस स्टीलचं खुरपं चालेल. षट्संयुजी क्रोमियमचा नमुना सोडून बाकी माती सावलीत वाळवा आणि नव्या पॉलिथिनच्या पिशवीत भरा.

प्रयोगशाळेला फक्त ‘जड धातू तपासा’ सांगितलं तर काय मिळेल याचा भरवसा नसतो. तीव्र आम्लात विरघळवून काढलेलं प्रमाण एकीकडे, आणि डीटीपीए द्रावणाने काढलेलं, म्हणजे पिकाला मिळण्याजोगं प्रमाण दुसरीकडे, ही दोन्ही मागा आणि अहवालात पद्धत लिहून घ्या. डीटीपीएची पद्धत चुनखडीच्या जमिनींसाठीच बसवलेली आहे, त्यामुळे तुमच्या मातीला ती लागू पडते. कॅडमियम, जस्त, तांबं, शिसं, निकेल यांना ती ठीक आहे. क्रोमियम आणि आर्सेनिकसाठी तिच्यावर विसंबू नका. आर्सेनिक आणि पारा तुमच्या अहवालात नाहीत, ते जोडून घ्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी याच अहवालात असू द्या, कारण या चार आकड्यांशिवाय धातूंचे आकडे अर्धवट राहतात.

आणि सर्वांत थेट तपासणी म्हणजे भाजीची. मधल्या भागात एका वाफ्यात पालक लावा, खायला नाही, तपासायला. पालक कॅडमियम भरपूर ओढतो, म्हणून तो चांगला साक्षीदार आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत ताज्या वजनावर कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत चालतं. प्रयोगशाळा बरेचदा वाळलेल्या वजनावर आकडा देते, आणि पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे तुलना करण्याआधी कुठलं वजन ते विचारा, नाहीतर आकडा दहापट चुकतो.

हे सगळं हाती येईपर्यंत नाल्यालगतच्या पट्ट्यात खायचं काही लावू नका. बाकी जमिनीत पालेभाज्या, मुळा, गाजर थांबवा. दुधी, दोडका, काकडी यांसारखे वेल, घेवडा, वाटाणा आणि मका यांच्या खाण्याच्या भागात कॅडमियम तुलनेने कमी उतरतं. सोयाबीन, भुईमूग आणि सूर्यफुलाच्या दाण्यांत मात्र ते बऱ्यापैकी जातं, आणि लोकांना याची कल्पना नसते. नाल्याकडेच्या गवतावर जनावरं चारू नका. चरताना ती गवताबरोबर माती खातात आणि धातू त्यांच्या यकृत-मूत्रपिंडांत साठतात. पालेभाजी हवीच असेल तर खाली जाड जिओटेक्स्टाइल कापड टाकून त्यावर तीसेक सेंटिमीटर स्वच्छ मातीचे उंच वाफे करा. घरापुरत्या भाजीला मी बहुतेकांना हेच सुचवतो. मात्र बाहेरची माती आणि कंपोस्ट दोन्ही तपासून घ्या, शहरी कचऱ्याचं कंपोस्ट हा धातूंचा नेहमीचा स्रोत आहे.

चुना टाकायची गरज नाही, तुमचा सामू आधीच पुरेसा आहे. उलट तो खाली जाईल असं काही करू नका; गंधक आणि अमोनियम सल्फेटचा मोठा मारा टाळा. सेंद्रिय पदार्थ वाढवा आणि डीटीपीए जस्त कमी निघालं तर जस्त द्या, कारण जस्ताची कमतरता असलेलं पीक कॅडमियम जास्त ओढतं. शिसं बांधायला फॉस्फेट टाका असा सल्ला कुणी दिला तर आर्सेनिकचा आकडा येईपर्यंत थांबा. फॉस्फेट आर्सेनिकला मातीतून सोडवतं.

सूर्यफुलाचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हिशेब बसत नाही. वरच्या थरातलं कॅडमियम २.६ वरून ०.६ वर आणायचं तर हेक्टरी ४ किलो कॅडमियम बाहेर काढावं लागेल. पिकाच्या वाळलेल्या वजनात ५ मिलिग्रॅम प्रति किलो कॅडमियम आलं आणि हेक्टरी १० टन पीक निघालं, तर वर्षाला ५० ग्रॅम निघतं. म्हणजे ८० वर्षं. शिशाचा हिशेब तर हजारो वर्षांवर जातो. काढलेल्या पिकाची विल्हेवाट लावायची ती वेगळीच; ते जाळलं, कुजवलं किंवा जनावरांना घातलं तर धातू परत फिरून तुमच्याकडेच येतो. काही धातूंना खूप ओढणाऱ्या खास वनस्पती आहेत, आर्सेनिकसाठी ब्रेक फर्न हे नेचं त्यांतलंच, पण सूर्यफूल किंवा मोहरी तुमच्या हयातीत ही जमीन साफ करणार नाही. नाल्याकडेचा पट्टा लाकडाची झाडं किंवा बांबू लावून झाकून ठेवणं, धूळ आणि गाळ अडवणं, हा झाडांचा खरा उपयोग आहे.

मातीवर काहीही खर्च करण्याआधी नाल्याचं पाणी शेतात येणं थांबवा. बांध उंच करा, चर खणून पुराचं पाणी बाहेरून काढा. तो नाला चालू आहे तोवर वरचा प्रत्येक उपाय दरवर्षी नव्याने करावा लागेल. विहीर किंवा बोअरचं पाणी भारतीय मानक १०५०० प्रमाणे तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात कॅडमियम ०.००३, शिसं ०.०१ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण दोन वेळचे आकडे फार वेगळे येतात.

खणताना रंगीत गाळ, राख किंवा पिंपं सापडली तर ती उचलून दुसरीकडे टाकू नका. तो धोकादायक कचरा असू शकतो आणि २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जायला हवा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हा प्रशासनाला लेखी कळवा. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. त्यांत संशयित जागांची नोंद जिल्हा प्रशासनाने करायची आहे आणि राज्य मंडळाने प्राथमिक पाहणी ९० दिवसांत करायची आहे. स्वच्छतेचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकण्याची तरतूदही त्यांत आहे. त्या वेळी तुमची बाजू कागदावर टिकायला हवी. म्हणून नवे नमुने घेताना प्रत्येकाचे दोन भाग करा. एक प्रयोगशाळेत द्या. दुसरा तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह सीलबंद करून घरी ठेवा, आणि नाला शेतात शिरेल त्या दिवशी फोटो काढून त्याच वहीत नोंद करा.